दाबून ठेवणं आणि दाबत राहणं

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी पाडव्याच्या आदल्या रात्री दही पंचात बांधून पाटाखाली ठेवतात, वर वरवंटा. यंदा ते बघत बसलेल्या आप्पांनी विचारलं, “काय रे, प्रयोगशाळेत गुडघ्याची कूर्चा, म्हणजे सांध्यातली ती लवचिक गादी, वाढवतात, तिच्यावरही म्हणे असाच दाब देतात?”

दाब देतात, पण असा नाही. दाबून ठेवणं आणि दाबत राहणं, बोलताना आपण दोन्हीला ‘दाब’च म्हणतो. कूर्चेच्या पेशी मात्र फरक करतात, आणि चांगलाच करतात.

कूर्चेत ७० ते ८० टक्के पाणी, रक्तवाहिनी एकही नाही. वजन ठेवून दिलं की पाणी हळूहळू पाझरतं, पेशींभोवतीचं जाळं आवळतं, त्यातले ऋणभार दाटीवाटीने जवळ येतात, आम्लता वाढते. पेशी नवं प्रोटिओग्लायकन (कूर्चेत पाणी धरून ठेवणारा पदार्थ) बनवणं आवरतं घेतात. इथवर चक्क्याचीच गोष्ट. फक्त वजन काढल्यावर कूर्चा पाणी परत ओढून घेते, चक्का बिचारा नाही घेत.

आता सेकंदाला एकदा दाबा आणि सोडा. पाणी बाहेरची वाट शोधतंय तोवर दाब सुटलेला असतो. ते आतच कोंडतं आणि बराचसा भार तेच पेलतं. पेशी मात्र दर खेपेला चेपल्या जातात, त्यांच्या आवरणातल्या टीआरपीव्ही४सारख्या प्रथिनांच्या सूक्ष्म वाटांतून कॅल्शियम आत शिरतं, आणि पेशी कामाला लागतात.

२००० साली कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी अ‍ॅगारोजच्या चकत्यांत (अ‍ॅगारोज म्हणजे आपल्या चायना ग्रासचाच भाऊबंद) गुरांच्या कूर्चापेशी रुजवल्या. चकती १० टक्के चेपायची, सेकंदाला एकदा. तासभर काम, तासभर आराम, असं दिवसाला एकूण ३ तास काम, आठवड्याला ५ दिवस. हे वेळापत्रक वाचून मला थेट जुम्मादादा व्यायाममंदिर आठवलं. ४ आठवड्यांनी या चकत्या, नुसत्या पोषकद्रवात सोडलेल्या चकत्यांच्या सहापट ताठ निघाल्या.

गोंधळ होतो तो मधल्या प्रकारात. दाबत राहायचं, पण इतकं संथ की एका फेरीला पंधरा-वीस मिनिटं लागावीत. तेवढ्यात पाणी आरामात निसटतं आणि हे दाबत राहणंही जवळपास दाबून ठेवण्यातच जमा होतं.

आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग वरवंट्याकडे बोट दाखवत म्हणाले, “हा मात्र उचलू नकोस हं मध्येच!”