पडद्यामागचं पाणी गोळ्यांनी आटत नाही

सर्दी होऊन गेली, ताप नाही, कान दुखत नाही. पण मूल टीव्हीचा आवाज वाढवतं, हाक मारली की ‘काय?’ विचारतं. तपासणीत कानाच्या पडद्यामागे पाणी दिसतं. मग ‘कान सुकवायला’ म्हणून अँटिबायोटिक, सर्दीचं सिरप, कधी स्टेरॉइडही सुरू होतं. समज जुना आहे आणि चुकीचा आहे.

हे पाणी म्हणजे पू नव्हे. घसा आणि मध्यकर्ण (पडद्यामागची पोकळी) जोडणारी नळी नीट उघडत नाही, हवा आत जात नाही आणि स्राव साचतो. नळी उघडण्याचं काम अँटिबायोटिक करत नाही. सर्दीच्या सिरपनेही पाणी लवकर जात नाही, उलट मूल पेंगतं किंवा चिडचिडं होतं. ब्रिटनमध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तोंडावाटे आठवडाभर स्टेरॉइड दिलं; पाच आठवड्यांनी ऐकू येण्यात ठोस फरक दिसला नाही. कानात तेल तर घालूच नका, पडदा शाबूत असेल तर ते आत पोचतच नाही.

बहुतेक मुलांचं पाणी तीन महिन्यांत आपोआप जातं. तोवर समोर बसून, तोंड दिसेल असं बोला. वर्गात पहिल्या बाकावर बसवा. घरात कुणी सिगारेट ओढू नये. तीन महिन्यांनंतरही पाणी राहिलं तर टिंपॅनोमेट्री (पडदा किती हलतो याची तपासणी) आणि श्रवणचाचणी करा. दोन्ही कानांनी कमी ऐकू येत असेल तर ग्रोमेटचा, म्हणजे पडद्यात बसवायच्या छोट्या नळीचा, विचार होतो. बोलणं उशिरा येत असेल, टाळू दुभंगलेली असेल किंवा डाउन सिंड्रोम असेल, तर तीन महिने थांबू नका. ताप, ठणका, कान फुटणं हा वेगळा आजार. तिथे अँटिबायोटिक लागू शकतं.