पुंगळीतली रिकामी जागा

कोल्ट या अमेरिकन कंपनीने १८७३ साली ‘सिंगल ॲक्शन आर्मी’ रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं, तेव्हा त्याच्या .४५ (म्हणजे साधारण ०.४५ इंच व्यासाच्या गोळीच्या) काडतुसात ४० ग्रेन काळी दारू भरत. म्हणजे जेमतेम अडीच ग्रॅम. पितळी पुंगळी तेवढ्यात काठोकाठ व्हायची, वर शिशाची गोळी दाबून बसवली की काडतूस तयार. जास्त दारू घालायची म्हटलं तरी जागाच नाही! पुंगळी स्वतःच पहारेकरी होती.

१८८४ साली हा पहारा उठला. पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने नायट्रोसेल्युलोजपासून निर्धूर दारू तयार केली. काळी दारू जळाली की तिचं निम्म्याहून अधिक वजन घन कणांच्या रूपात मागे उरतं, म्हणून तर तो धूर आणि ती काजळी. निर्धूर दारूचा जवळजवळ सगळाच वायू होतो, त्यामुळे त्याच कामाला ती फार थोडी लागते. पुंगळी मात्र जुन्याच मापाची राहिली. आज कुणी हौसेने काडतुसं भरायला बसला, तर योग्य मात्रा पार तळाशी दिसते. चुकून तीच मात्रा दुसऱ्यांदा पडली तरी गोळी वर निमूट बसते आणि बाहेरून काही म्हणता काही कळत नाही. म्हणून जाणकार मंडळी गोळ्या बसवण्याआधी सगळ्या पुंगळ्या ठोकळ्यात उभ्या करतात आणि विजेरी धरून एकेकीत डोकावतात. जिची पातळी वेगळी, ती ओतून रिकामी.

दुप्पट दारू म्हणजे दुप्पट दाब, इतकं सरळ गणित असतं तर कदाचित निभावलंही असतं. पण दारू किती वेगाने जळणार हे दाबावर ठरतं. गंमत म्हणजे हा नियमही व्हिएयच्याच नावाने ओळखला जातो. काळ्या दारूचा वेग दाबासोबत फारसा चढत नाही. निर्धूर दारूचा जवळपास दाबाच्याच प्रमाणात चढतो. दाब वाढला की ज्वलन भडकतं, ज्वलन भडकलं की दाब आणखी वाढतो. गोळी पुढे सरकून जागा मोकळी करते, तेवढीच काय ती सुटका.

हा दाब सोसायचा असतो सिलिंडरने, म्हणजे काडतुसं बसतात त्या फिरत्या नळकांड्याने. त्यातल्या काडतुसांच्या सहा घरांच्या भिंती मुळातच पातळ. त्यात कोल्टमध्ये सिलिंडर जागी अडकवायच्या खाचा नेमक्या घरांवरच कोरलेल्या, त्यामुळे खाचेखालचा धातू सगळ्यात पातळ. अतिदाबाने फुटलेल्या रिव्हॉल्व्हरात बहुधा शेजारची दोन घरंही उघडी पडलेली असतात आणि सिलिंडरवरून जाणारी सांगाड्याची पट्टी कमानीसारखी वाकलेली असते. कोल्टने या मॉडेलला निर्धूर दारूची हमी दिली ती १९०० च्या सुमारास. त्याआधीच्या नगाला निर्धूर दारू दाखवूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

वेब्ली या ब्रिटिश रिव्हॉल्व्हरची गोष्ट वेगळीच. .४५५ च्या कितीतरी जुन्या वेब्ली रिव्हॉल्व्हरांचे सिलिंडर मागून तासून त्यांत .४५ एसीपी हे पिस्तुलाचं काडतूस बसेल अशी सोय केली गेली. बसतं अगदी झकास; पण त्या काडतुसाची दाबमर्यादा २१,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड), मूळ काडतुसाच्या दीडपटीहून जास्त.

मग जुन्या हत्याराला जपायचं म्हणून दारू हवी तेवढी कमी करावी? तेही नको, काडतुसं भरण्याच्या छापील तक्त्यातल्या किमान मात्रेखाली जायचं नाही. दारू फारच कमी पडली तर गोळी नळीतच अडकते आणि मागून येणारी दुसरी तिच्यावर आदळून नळी फुगवते. ‘ठो’ऐवजी नुसतं ‘फुस्स’ झालं, तर पुन्हा चाप ओढायचा नाही. हत्याराचं तोंड सुरक्षित दिशेला ठेवून थोडं थांबायचं, सिलिंडर रिकामा करायचा आणि नळीत सळई घालून पाहायची. नळी मोकळी असेल तर ती आरपार जाते.