ताई ची निघाली ती शेतकऱ्यांच्याच गावातून

आजकाल गावोगावी मोबाईलवर ताई ची या संथ चिनी व्यायामाचे व्हिडिओ येऊन राहिले. पांढरे ढगळ कपडे घातलेली म्हातारी माणसं बागेत उभी राहून हळूहळू हात फिरवतात, आणि आपल्या इकडचा माणूस ते पाहून म्हणतो, हे शहरातल्या रिटायर लोकांचं काम, आपण दिवसभर वावरात राबतो, आपल्याले कायले पाहिजे व्यायाम. मला हे पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगायला थोडा इतिहास सांगावा लागतो, कारण ही गोष्ट सुरूच होते एका शेतकरी गावातून.

चीनच्या हेनान प्रांतात पिवळ्या नदीच्या उत्तरेला चेनजियागोऊ नावाचं गाव आहे, गहू-मका पिकवणारं. चेन आडनावाची मंडळी १४ व्या शतकात शेजारच्या शान्शी प्रांतातून उठून इथं आली आणि वसली. त्यांच्या ९ व्या पिढीत चेन वांगतिंग झाला, १७ व्या शतकातला, हत्यार चालवणारा लढवय्या माणूस. १६४४ मध्ये मिंग राजवट बुडाली, नवे राज्यकर्ते आले, आणि हा आपल्या गावात शेती करत राहिला. त्याच्या नावावर एक कविता सांगतात, तिचा मतलब असा की सवड असली की लढाईचे डाव रचायचे, हंगाम आला की नांगर धरायचा, आणि उरल्या वेळात शिष्यांना अन् पोराबाळांना शिकवायचं. आपल्याकडं पेरणी आटोपली की पारावर बसतात ना, त्या रिकाम्या वेळातच हा माणूस ताई चीचा पाया घालून गेला.

आता बऱ्याच ठिकाणी वेगळीच कथा वाचायला मिळते, की वुदांग पर्वतावरच्या झांग सानफेंग नावाच्या साधूने साप आणि पक्ष्याची झुंज पाहिली आणि त्यावरून ताई ची काढली. ऐकायला छान आहे, पण इतिहासाचे अभ्यासक ती दंतकथाच मानतात. १९३० च्या दशकात तांग हाओ नावाचा संशोधक स्वतः चेनजियागोऊला गेला, घराण्याची कागदपत्रं पाहिली आणि मूळ इथं आहे असं त्यानं मांडलं. १६ व्या शतकात चि जिग्वांग नावाच्या मिंग सेनापतीनं सैनिकांसाठी ३२ डावांचं पुस्तक केलं होतं, त्यातले २९ डाव चेन घराण्याच्या प्रकारात सापडतात असं तांग हाओनं दाखवलं. म्हणजे मुळात ही मारामारीचीच विद्या, जोरात पाय आपटणं, उडी, झटका, सगळं तिच्यात होतं, आणि चेन शैलीत आजही आहे. तब्येतीसाठी करायचा प्रकार ती नंतर झाली.

बरीच वर्षं ही विद्या गावाच्या आणि घराण्याच्या आतच राहिली. मग आला यांग लुचान (१७९९ ते १८७२), हेबेई प्रांतातला, गरीब घरचा. हा याच घराण्यातल्या चेन चांगशिंगकडे शिकला. लोक सांगतात की तो त्या घरी कामाला होता आणि रात्री लपून तालीम पाहायचा, खरं-खोटं असो, पण बाहेरचा माणूस शिकून निघाला एवढं नक्की. पुढं तो बीजिंगला गेला, राजदरबारातल्या लोकांना शिकवलं, आणि त्याला अजिंक्य म्हणायला लागले. खरा बदल केला त्याच्या नातवाने, यांग चेंगफूने (१८८३ ते १९३६). त्याने उड्या, झटके, पाय आपटणं काढून टाकलं, सगळी हालचाल एका संथ लयीत आणली, मोठी आणि मोकळी केली, आणि आधी बीजिंग, मग १९२८ पासून शांघायला सामान्य लोकांना शिकवायला घेतलं. दुकानदार, मास्तर, आजारी माणूस, कोणीही यायचं. आज आपण व्हिडिओत जे पाहतो ते बहुतेक करून याच यांग शैलीचं आहे. तशा मुख्य शैली ५ आहेत, चेन, यांग, दोन वेगवेगळ्या वू आणि सुन, त्यातल्या सुनबद्दल खाली सांगतो कारण आपल्या कामाची तीच जास्त आहे.

१९५६ मध्ये चीनच्या सरकारी क्रीडा आयोगाने यांग शैलीतून २४ हालचालींचा सोपा क्रम तयार करून घेतला. आधीचा क्रम लांबलचक होता, शिकायलाच वर्ष जायचं, हा नवा ५-६ मिनिटांत होतो. शाळा, कारखाने, बागा, सगळीकडं तो पसरला आणि मग जगभर गेला. डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोने ताई चीला मानवतेच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं, आपला योग त्या यादीत २०१६ लाच गेला होता.

हे वाचताना मला अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आठवल्याशिवाय राहत नाही. १९१४ साली सुरू झालेली संस्था, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्यांची माणसं तिथं जाऊन आपले देशी खेळ दाखवून आली. लाठी, मल्लखांब, लेझीम, हे सगळं पण अंगमेहनतीचं अन् लढाईचंच, तेही आखाड्यातून शाळेत आणि सगळ्यांसाठी आलं. फक्त आपल्याकडं साठीच्या बाईसाठी कोणी त्यातलं काही हळू करून दिलं नाही, आणि चीनमध्ये ते झालं. मला हा फरक फार मोठा वाटतो.

कारण आपल्या इकडच्या बायांचे गुडघे पाहा. ओटी बांधून दिवसभर कापूस वेचायचा, कंबर वाकलेली ती संध्याकाळीच सरळ होते, निंदणात उकिडवं बसून सरकत सरकत तास काढायचे, आणि चाळिशी ओलांडली की उठताना हात जमिनीला टेकवावा लागतो. "काम तं करून राह्यलो ना, मंग व्यायाम झालाच", हे आमच्या घरी पण ऐकतो मी. पण तेच ते वाकणं वर्षानुवर्ष केलं की सांधा झिजत जातो, आणि मांडीचा पुढचा स्नायू, जो गुडघा धरून ठेवतो, त्याला पाहिजे तशी ताकद त्या कामातून येत नाही. ताई ची नेमकी तिथं काम करते.

कसं करते ते एका पावलात दाखवतो. दोन्ही गुडघे जरासे वाकवून उभं राहायचं. सगळं वजन उजव्या पायावर न्यायचं, एवढं की डावा पाय एकदम मोकळा झाला पाहिजे. मग डावा पाय उचलायचा आणि टाच पुढं नुसती टेकवायची, वजन अजून मागंच. आता हळूहळू, श्वास चालू ठेवून, तळवा टेकवत वजन पुढं आणायचं. गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेनेच राहिला पाहिजे, आत वळला नाही पाहिजे आणि बोटांच्या पुढं गेला नाही पाहिजे. बस, एवढंच. पण सावकाश करून पाहा, मांडी थरथरते. आमच्या शेजारच्या काकूंनी भिंतीला एक हात लावून केलं आणि म्हणाल्या, "माय वं, दिसते सोपं, पण पाय कसा भरून आला!" एका पायावर तोल धरायची ही सवय लागली की नाली ओलांडताना, न्हाणीत, रात्री अंधारात बाहेर निघताना पाय घसरला तरी माणूस सावरतो. म्हातारपणी खुब्याचं हाड मोडलं की पुढं काय होते ते गावातल्या प्रत्येक घरानं पाहिलेलं आहे.

अभ्यासही झालेत यावर, आणि ते ऐकीव नाहीत. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या अटलांटा इथं ७० च्या वरच्या २०० लोकांवर काम झालं, १५ आठवडे ताई ची केलेल्या गटात वारंवार पडण्याचा धोका ४७.५ टक्क्यांनी कमी दिसला. २०१२ मध्ये पार्किन्सनच्या, म्हणजे हातपाय थरथरण्याच्या आजाराच्या, १९५ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात तोल सुधारला. आणि आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा २०१६ चा, बोस्टनमधला, गुडघे झिजलेल्या २०४ लोकांवरचा. त्यात १२ आठवड्यांनंतर ताई चीवाल्यांचं दुखणं फिजिओथेरपीवाल्यांइतकंच कमी झालं. जिथं फिजिओसाठी एसटी पकडून तालुक्याला नाहीतर जिल्ह्याला जावं लागते आणि एक रोज बुडतो, तिथं घरच्या आंगणात तेवढंच मिळत असेल तर ते लय मोलाचं आहे. मात्र बीपी-शुगरच्या गोळ्या याच्या भरवशावर बंद करायच्या नाहीत, तो दावा कोणी करत असेल तर ऐकू नका.

घरी शिकायचं तर २४ हालचालींच्या मागं एकदम लागू नका. आधी वर सांगितलेलं पाऊल, मग हात वर-खाली करायची सुरुवातीची हालचाल, तेवढंच रोज १० मिनिटं. व्हिडिओ निवडताना शिकवणारा पाठमोरा उभा आहे तोच घ्या, समोरून पाहिलं की डावं-उजवं उलटं होते आणि माणूस कंटाळून सोडून देतो. गुडघे आधीच दुखत असतील तर सुन शैली पाहा. सुन लुतांग (१८६० ते १९३३) यांनी ती बांधली, तिच्यात फार खाली बसावं लागत नाही, उभं राहणं उंच असते आणि पावलं छोटी. ऑस्ट्रेलियातले डॉक्टर पॉल लॅम यांना स्वतःलाच संधिवात होता, त्यांनी १९९७ मध्ये याच शैलीवरून संधिवातासाठीचा सोपा क्रम केला आणि तो व्हिडिओवर सहज सापडतो.

बाजूला एक पक्की खुर्ची ठेवा, प्लास्टिकची सरकणारी नको. चप्पल घालून करू नका, सारवलेलं आंगण वाळलं असेल तर अनवाणी चालते, नाहीतर सपाट तळाचे बूट. उन्हाळ्यात सूर्य वर यायच्या आधीच उरका, आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असेल किंवा चक्कर येत असेल तर डॉक्टरला विचारूनच सुरू करा, तोपर्यंत खुर्चीवर बसून नुसत्या हातांच्या हालचाली करता येतात.