वर प्लॉट, खाली गुहा: हवाईतील लाव्हा गुहांवरच्या जमिनीची पार्श्वभूमी

हवाई बेटावरील काझुमुरा ही आजवर मोजल्या गेलेल्या लाव्हा गुहांपैकी सर्वांत लांब गुहा आहे. किलाउएआ ज्वालामुखीच्या पंधराव्या शतकातील उद्रेकातून ती तयार झाली. तिची मोजलेली लांबी 65 किलोमीटरहून अधिक आहे, आणि वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत ती सुमारे 1,100 मीटर उतरते. या वाटेत बऱ्याच ठिकाणी तिच्या डोक्यावर पुना भागातील निवासी वसाहतींचे प्लॉट आहेत. प्रत्येक प्लॉटला वेगळा मालक आहे, वेगळे खरेदीखत आहे आणि सरळ रेषेत आखलेल्या हद्दी आहेत. खाली मात्र एकच सलग पोकळी आहे. ही गुहा कोणाची आणि ती राखण्याची जबाबदारी कोणावर, हा प्रश्न या विसंगतीतून उभा राहिला.

प्रश्न समजण्यासाठी आधी अशी गुहा कशी घडते ते पाहावे लागते. पातळ, वाहत्या लाव्हाला हवाईयन भाषेत पाहोएहोए म्हणतात. असा प्रवाह उतारावरून वाहू लागला की त्याचा पृष्ठभाग हवेने लवकर थिजतो आणि त्याचे छत होते. त्या छताखाली उष्णता टिकून राहत असल्याने आतला लाव्हा वाहतच राहतो. उद्रेक थांबल्यावर उरलेला लाव्हा उताराने निघून जातो आणि मागे रिकामी नळी राहते. दख्खनच्या पठाराचा काळा पाषाणही बेसॉल्टच, तेव्हा महाराष्ट्रातल्या वाचकाला हा दगड परका नाही. पण अजिंठा-वेरूळच्या लेणी माणसाने कोरलेल्या आहेत आणि आपला बेसॉल्ट साडेसहा कोटी वर्षांचा आहे, तर हवाई बेटावरच्या या नळ्या काही शतके किंवा फार तर काही हजार वर्षे वयाच्या आहेत. इतक्या तरुण लाव्हावर मातीचा थर नाममात्र असतो. कित्येक ठिकाणी छत जेमतेम काही फूट जाडीचे असते आणि ओहिया लेहुआ या स्थानिक झाडाची मुळे भेगांतून उतरून थेट गुहेत लोंबतात. त्यामुळे वर बुलडोझर चालला, शोषखड्डा खणला गेला किंवा झाडे तोडली गेली, तर त्याचा परिणाम खाली पोहोचायला वेळ लागत नाही.

मूळ हवाईयन समाजात जमिनीची वाटणी आहुपुआआ या एककाने होत असे. हा पट्टा साधारणपणे डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंत जाई, आणि त्यातल्या गुहाही त्याचाच भाग असत. बेटाच्या दक्षिणेकडील काऊसारख्या कोरड्या भागात लोक गुहांमध्ये छतावरून ठिबकणारे पाणी भोपळ्याच्या तुंब्यांत साठवत. हे पाणी आणायला जाताना पेटवलेल्या मशालींची राख आजही काही गुहांत दिसते. युद्धकाळात गुहांचा आश्रय घेतला जाई. सर्वांत नाजूक बाब म्हणजे पूर्वजांच्या अस्थी, ज्यांना इवी कूपुना म्हणतात, गुहांमध्ये गुप्तपणे ठेवल्या जात. 1819 साली वारलेल्या पहिल्या कामेहामेहा राजाच्या अस्थी कोठे ठेवल्या हे आजतागायत उघड झालेले नाही, आणि तसे ते होऊ नये हाच तेव्हाचा हेतू होता. अस्थींचे स्थान गुप्त राखण्याची ही रीत पुढे कायद्यातही एका वेगळ्या रूपाने उतरली.

1848 च्या माहेले या मोठ्या वाटणीने राजा आणि सरदार यांच्यात जमिनीचे खाजगी हक्क विभागले गेले, 1850 मध्ये परदेशी लोकांनाही जमीन विकत घेण्याची मुभा मिळाली, आणि त्याच वर्षीच्या कुलेआना कायद्याने सामान्य कसणाऱ्यांना त्यांच्या वाट्याचे तुकडे मागण्याचा मार्ग खुला झाला. प्रत्यक्षात त्यांच्या हाती एकूण जमिनीच्या एक टक्क्याहूनही कमी जमीन आली. या साऱ्या वाटणीत मोजणी झाली ती पृष्ठभागाची. खालच्या पोकळीचा विचार करण्याचे कारणच कोणाला पडले नव्हते.

ते कारण शंभर वर्षांनी निर्माण झाले. 1959 साली हवाई अमेरिकेचे राज्य बनले. त्याच्या आगेमागे पुना आणि काऊ भागांत विकासकांनी जुन्या मोठ्या जमिनी घेऊन त्यांचे हजारो प्लॉट पाडले. काऊमधील हवाईयन ओशन व्ह्यू इस्टेट्स या एकाच वसाहतीत साधारण एकेक एकराचे दहा हजारांहून अधिक प्लॉट आहेत. ते काही शे डॉलर किमतीला, हप्त्याहप्त्याने, मुख्य भूमीवरच्या अशा लोकांना विकले गेले ज्यांतल्या अनेकांनी ती जमीन डोळ्यांनी पाहिलीही नव्हती. नळाचे पाणी नव्हते, सांडपाण्याची वाहिनी नव्हती, आणि बराचसा भाग जिवंत ज्वालामुखीच्या उतारावर होता. जमीन स्वस्त असण्याचे कारण हेच. नकाशावर चौकटी आखणाऱ्याला खाली काय आहे हे ठाऊक नव्हते, आणि ठाऊक असते तरी चौकटी बदलल्या असत्या असे वाटत नाही.

मालकीचा कायदेशीर वाद मात्र हवाईत नव्हे, केंटकी राज्यातील चुनखडीच्या गुहेवरून आधी रंगला होता. ग्रेट ओनिक्स केव्ह या गुहेचे तोंड एडवर्ड्स नावाच्या गृहस्थाच्या जमिनीत होते. त्याने ती पर्यटकांसाठी खुली केली आणि हॉटेलही बांधले. शेजारच्या ली याने दावा लावला की गुहेचा काही भाग आपल्या जमिनीखाली आहे. 1929 साली केंटकीच्या अपील न्यायालयाने गुहेची मोजणी करू देण्याच्या बाजूने निकाल दिला, आणि 1936 च्या निकालाने लीच्या वारसांना नफ्यातला वाटा मिळाला. ज्याची जमीन, त्याचेच वर आकाशापर्यंत आणि खाली पाताळापर्यंत सारे, हे जुने इंग्रजी तत्त्व येथे लागू झाले. न्यायमूर्ती लोगन यांनी मात्र विरोधी मत नोंदवले. ज्याच्या जमिनीत तोंड आहे आणि ज्याने गुहा शोधून वापरात आणली त्याचीच ती, वर बसलेल्याला जिथे पोहोचताही येत नाही त्या जागेवर त्याचा हक्क कसला, असा त्यांचा रोख होता. व्यवहाराच्या दृष्टीने त्यात तथ्य होते. संवर्धनाच्या दृष्टीने मात्र बहुमताचाच निकाल अधिक उपयोगी ठरतो, कारण त्यानुसार वरच्या प्रत्येक मालकाला आपल्या भागापुरता नकार देता येतो. पुढच्याच वर्षी, 1937 मध्ये, इंडियानातील मरेंगो गुहेच्या खटल्यात न्यायालयाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली: जमिनीखाली गुपचूप चाललेली वहिवाट कितीही वर्षे चालली तरी, वरच्या मालकाला ती दिसतच नसल्याने, तिच्या आधारे त्याचा हक्क बुडत नाही.

या गुहांत जपण्यासारखे नेमके काय आहे, हे 1971 साली फ्रान्सिस हॉवर्थ या कीटकशास्त्रज्ञांच्या शोधामुळे कळले. त्याआधी तरुण ज्वालामुखी बेटांच्या गुहांत फक्त गुहेतच जगणारे प्राणी नसतात, असा समज होता. हॉवर्थ यांना हवाईच्या लाव्हा नळ्यांमध्ये डोळे आणि रंग गमावलेले कीटक सापडले, आणि त्यांपैकी काहींचे पोषण ओहियाच्या लोंबत्या मुळांतील रसावर होत होते. म्हणजे गुहेतील जीवसृष्टीचे अन्न पृष्ठभागावरच्या झाडातून येत होते. गुहेच्या तोंडाला फाटक बसवले आणि वरचे रान साफ केले, तर त्या फाटकाचा उपयोग काय? गुहेवरची जमीन ताब्यात घेण्याची कल्पना येथून बळावली.

कायदा पुढच्या तीन दशकांत हळूहळू आला. 1988 चा संघराज्याचा गुहासंरक्षण कायदा फक्त संघराज्याच्या मालकीच्या जमिनींपुरता होता. 1990 साली हवाईत, माउई बेटावरील होनोकाहुआ येथे हॉटेलच्या बांधकामासाठी शेकडो पूर्वजांच्या अस्थी उकरल्या गेल्याने उसळलेल्या रोषानंतर, दफनस्थळांसाठी स्वतंत्र तरतूद झाली. शेवटी 2002 साली हवाई राज्याने स्वतःचा गुहाविषयक कायदा केला, आणि तो खाजगी जमिनीखालच्या गुहांनाही लागू झाला. जमीनमालकाच्या संमतीशिवाय गुहेत शिरणे, आतले काही तोडणे वा उचलणे, गुहेत कचरा किंवा सांडपाणी टाकणे हे त्याने गुन्हा ठरवले, आणि संवेदनशील गुहांचे नेमके ठिकाण जाहीर न करण्याचीही सोय केली. गुप्ततेच्या या तरतुदीत जुन्या रीतीचा प्रतिध्वनी आहे, असे मला वाटते. मात्र कायद्याने किल्ली जमीनमालकाच्याच हातात दिली. त्याने संमती दिली नाही तर गुहा सुरक्षित राहते. त्याने आपल्या प्लॉटवर बुलडोझर आणला तर छताचे भवितव्य बहुतांशी त्याच्या मर्जीवर राहते.

म्हणूनच काही गुहाप्रेमींनी स्वतःच मालक होण्याचा मार्ग धरला. ओशन व्ह्यू भागातील कीपुका कानोहिना या विस्तीर्ण गुहासमूहावरचे प्लॉट केव्ह कॉन्झर्व्हन्सी ऑफ हवाई ही ना-नफा संस्था मिळवत आली आहे. यातला विरोधाभास लक्षात घेण्याजोगा आहे: ज्या बेफिकीर प्लॉटपाडणीने गुहांना धोका निर्माण केला, तिनेच एकेक एकर स्वस्तात विकत घेण्याची संधीही ठेवली. अखंड मोठी मालमत्ता असती तर देणग्यांवर चालणाऱ्या संस्थेला ती परवडली नसती. अर्थात गुहा प्लॉटच्या हद्दी पाळत नाही. एका प्लॉटवर संस्थेची मालकी, शेजारच्यावर घर आणि शोषखड्डा, असे चित्र राहतेच. हवाई राज्यात असे सुमारे 83 हजार शोषखड्डे आहेत, आणि 2017 च्या कायद्याने ते 2050 पर्यंत बंद करण्याची किंवा बदलण्याची मुदत घातली आहे.

काउआई बेटावरील कोलोआ भागात वेगळा मार्ग अवलंबला गेला. तेथील लाव्हा गुहांत राहणारा, डोळे नसलेला कोळी 1973 मध्ये शास्त्रीय नोंदीत आला आणि 2000 साली, गुहेतल्याच झिंग्यासारख्या एका लहान कवचधारी प्राण्यासह, संकटग्रस्त जाहीर झाला. 2003 मध्ये त्यांच्यासाठी 272 एकर क्षेत्र महत्त्वाचा अधिवास म्हणून निश्चित झाले, पण अमेरिकी कायद्यानुसार अशा घोषणेचा जोर मुख्यतः संघराज्याचा पैसा वा परवानगी गुंतलेल्या कामांवर चालतो. खाजगी मालकाने आपल्या जमिनीवर स्थानिक झाडे लावावीत, जेणेकरून खाली मुळे पोहोचतील, हे त्याच्या राजीखुशीवरच राहिले.

आता मालकी हाती असूनही पुरेशी नाही, अशी परिस्थिती आली आहे. 2014 साली ओहिया झाडे झपाट्याने मारणारी बुरशी ओळखली गेली, आणि हवाई बेटावर, विशेषतः पुना भागात, तिने मोठे नुकसान केले. तिचे बीजाणू कापलेल्या लाकडातून, भुश्शातून, बुटांच्या चिखलातून पसरतात. गुहेवरचा प्लॉट राखणाऱ्यांना त्यामुळे गुहेच्या तोंडावर पहारा देण्याइतकीच काळजी आत येणाऱ्या पाहुण्यांचे बूट आणि हत्यारे निर्जंतुक करण्याची घ्यावी लागते.