पुराणमतवाद आणि मानवी हक्कांविषयीचे लोकमत

समाजाची चालत आलेली घडी, धर्माचार आणि कुटुंबव्यवस्था यांत शासनाने कायद्याच्या जोरावर ढवळाढवळ करू नये, असे मानणारा राजकीय विचार म्हणजे पुराणमतवाद. ब्रिटिश विचारवंत एडमंड बर्क याने १७९० मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीवर टीका करताना अमूर्त मानवी हक्कांपेक्षा वारशाने आलेल्या हक्कांना अधिक मोल दिले. पुण्यात हा वाद वेगळ्या वळणाने गेला, कारण येथे कायदा करणारे सरकारच परके होते.

त्याचे सर्वांत बोलके उदाहरण संमतिवयाच्या, म्हणजे शरीरसंबंधाला संमती देण्याच्या किमान वयाच्या, कायद्याचे आहे. कोलकात्यात फुलमणी दासी या बालवधूचा मृत्यू झाल्यावर मुलींचे संमतिवय १० वरून १२ वर्षे करणारा हा कायदा मार्च १८९१ मध्ये संमत झाला. बाळ गंगाधर टिळक यांनी त्याला कडाडून विरोध केला. मात्र मुलीचे लग्न सोळाव्या वर्षाआधी करू नये, असा नियम सुधारकांनी आपण होऊन स्वतःवर बंधनकारक करून घ्यावा, असे त्यांनीच १८९० मध्ये सुचवले होते. म्हणजे त्यांचा आक्षेप हक्कापेक्षा तो देणाऱ्या हातावर अधिक होता. लोकमतात मात्र हा बारकावा उरला नाही. तुळशीबागेत विरोधाच्या सभा गाजल्या, क्रीडाभुवनातील समर्थकांची सभा उधळली गेली. संस्कृत पंडित रा. गो. भांडारकरांनाही कायद्याची बाजू शास्त्रवचनांच्या आधारेच मांडावी लागली, आणि या शास्त्रार्थात त्या मुलीच्या देहावरील तिचा स्वतःचा हक्क बाजूला पडला. विवेकाच्या कसोटीवर तो मांडू पाहणाऱ्या ‘सुधारक’ पत्राचे संपादक गोपाळ गणेश आगरकरांची तर सनातन्यांनी जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली. १८९५ च्या पुणे काँग्रेसच्या वेळी समाजसुधारणेसाठी भरणाऱ्या न्यायमूर्ती रानड्यांच्या सामाजिक परिषदेला काँग्रेसच्या मंडपात जागा मिळू शकली नाही.

१९२९ च्या पर्वती मंदिर सत्याग्रहात अस्पृश्यांच्या प्रवेशाला झालेला विरोध याच परंपरेतला. पण तेथे परक्या सरकारची सबब नव्हती, आणि सत्याग्रहींवर दगडफेक झाली.

पुराणमतवादी मंडळी हक्कांच्या सरसकट विरोधात असतात, असे मात्र म्हणता येत नाही. सत्तेचा वरवंटा स्वतःवर फिरला की तीच मंडळी व्यक्तिस्वातंत्र्याचा कैवार घेतात. आणीबाणीत (१९७५–७७) सरसंघचालक बाळासाहेब देवरस येरवड्याच्या तुरुंगात होते. पुढे जनसंघीयांचा समावेश असलेल्या जनता सरकारने १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, अशी तरतूद केली.

श्रद्धेच्या प्रांतातील कायद्याविषयीचा संशय मात्र टिकून राहिला. अनेक वर्षे रखडलेल्या जादूटोणाविरोधी विधेयकाचा वटहुकूम त्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाल्यानंतर काही दिवसांतच निघाला. त्यानंतर झालेल्या कायद्यातही वारी, प्रदक्षिणा, कीर्तन, प्रवचन यांना तो लागू नाही, असे स्पष्ट शब्दांत लिहावे लागले.