खिळ्यापासून युनिकोडपर्यंत : पेठेतल्या डीटीपी ऑपरेटरचं काम कसं बदललं

डीटीपीचं (डेस्कटॉप पब्लिशिंग, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर टाइप करून छपाईची पानं लावणं) काम आटलं म्हटलं की सगळे थेट मोबाइल आणि एआयवर येतात, पण या कामाचं जे काही झालं त्याची मुळं नव्वदच्या दशकात आहेत.

खिळ्यांचा, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांचा काळ बऱ्याच जणांना माहितीये. कंपोझिटर खिळ्यांच्या कप्प्यांच्या केससमोर उभा राहून उलटी अक्षरं जुळवायचा, गॅलीवरून (जुळवलेल्या ओळींच्या ट्रेवरून) प्रूफ निघायचं आणि ते मुद्रितशोधक तपासायचा, म्हणजे दोन माणसं, दोन वेगळी कसबं. पुढे ऑफसेट आलं, डीटीपी आलं, पुण्यात नारायण-सदाशिव पेठेत आणि आप्पा बळवंत चौकाच्या आसपास एकेका खोलीत कॉम्प्युटर लागले. कीबोर्डला टायपरायटरचीच मांडणी मिळत होती, त्यामुळे टायपिंग क्लास केलेल्यांची बोटं आधीच बसलेली, आणि खिळे जुळवण्यात आयुष्य घातलेल्यांना मात्र पहिल्यापासून शिकायचं होतं.

खरा घोळ फॉन्टचा. इस्की हे भारतीय लिप्यांचं प्रमाण कोडिंग (कॉम्प्युटरमध्ये कुठल्या अक्षराला कुठला क्रमांक) 1991 मध्ये अधिकृत झालं, पण पेजमेकर हे पानं लावायचं सॉफ्टवेअर मुळात इंग्रजीसाठी बनलेलं, इस्कीत 'कि' म्हणजे आधी क मग वेलांटी, आणि ती वेलांटी उचलून क च्या आधी दाखवणं त्याला जमत नव्हतं. मग प्रत्येक कंपनीनं इंग्रजी फॉन्टच्या दोनशेच्या आसपास जागांमध्ये काना, मात्रा, अर्धी अक्षरं आपापल्या क्रमानं बसवली. त्यावेळी छापायला चालेल असा तोच रस्ता होता हे मान्यच आहे, पण सगळ्यांनी मिळून निदान क्रम तरी एक ठेवायला हवा होता. तो ठेवला नाही आणि त्याची किंमत मराठी अजून मोजतेय. फॉन्ट नसेल तर फाइल उघडल्यावर नुसती इंग्रजी चिन्हं, म्हणजे मजकूर लेखकाचा, पण चावी ऑपरेटरकडे.

युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या सगळ्या लिप्यांसाठीच्या एकाच सामायिक कोडिंगमध्ये, देवनागरी 1991 लाच होती, विंडोज 2000 मध्ये ती टाइप करता यायला लागली, पण इनडिझाइन या पानं लावायच्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची नीट सोय व्हायला 2012 उजाडलं. तोवर ऑफिसं, लेखक, वाचक युनिकोडवर गेले आणि छपाई जुन्या फॉन्टवरच राहिली. आता लेखक फोनवर टाइप करून मजकूर पाठवतात, टायपिंगचे पैसे गेले, ऑपरेटरकडे पानं लावणं आणि कन्व्हर्जन, म्हणजे जुने फॉन्ट आणि युनिकोड यांच्यात मजकूर बदलून घेणं, एवढंच उरलं.

हे कन्व्हर्जन वाटतं तितकं सरळ नाही. जुन्या फॉन्टमध्ये 'किंमत'ची वेलांटी आधी मारायची आणि 'कार्य'चा रफार (य वरचा अर्धा र) य च्या नंतर, युनिकोडमध्ये दोन्हीचा क्रम उलटा. कन्व्हर्टर जरा चुकला की वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाते, रफार भलतीकडे बसतो, आणि जोडाक्षर आलं की हमखास. त्यामुळे प्रत्येक ओळ वाचावी लागते, म्हणजे मुद्रितशोधकाचं काम ऑपरेटरच्या गळ्यात, दर मात्र पानामागेच. जुन्या पुस्तकांची नवी आवृत्ती किंवा ई-बुक काढायचं तर मूळ फाइली त्याच फॉन्टमध्ये अडकलेल्या, आणि कुठली खूण कुठल्या अक्षराची हे पाठ असलेली माणसं आता पन्नाशी-साठीत आहेत.