पेटी घरी आल्यानंतर : हापूस, पायरी आणि रायवळ आंब्यांविषयी आमच्या ग्राहकांसाठी माहिती

आमच्याकडून आपण नेलेली पेटी घरी उघडता, तेव्हा त्यातील आंबा तयार असतो, पण पिकलेला नसतो. बागायतदारांच्या भाषेत तो ‘चौदा आणे’ झालेला असताना, म्हणजे पूर्ण वाढ झाल्यावर परंतु झाडावर पिकण्याआधी, देठासकट उतरवलेला असतो. उरलेले दोन आणे आपल्या घरी भरायचे असतात. आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारी या दोन आण्यांच्या घाईतून आलेल्या असतात, म्हणून हे पत्रक.

पेटी आल्याच्या दिवशीच उघडावी आणि सर्व फळे बाहेर काढावीत. बंद पेटीत फळांची ऊब साठते आणि मधली फळे आधी पिकून कडेच्या फळांना बिघडवतात. जमिनीवर भाताचा पेंढा अंथरून त्यावर आंबे एका थरात, एकमेकांना न चेपता मांडावेत आणि वरून पुन्हा पातळसा पेंढा पसरावा; हीच आपली जुनी अढी. शहरात पेंढा मिळत नसल्यास वर्तमानपत्राचे कागद चालतात, मात्र जागा सावलीची आणि वारा खेळता असलेली हवी. रोज एकदा फळे हाताने पाहून घ्यावीत, नरम झालेली वेगळी ठेवावीत आणि डागाळलेले फळ त्याच दिवशी बाजूला काढावे. हवामानाप्रमाणे साधारण पाच ते आठ दिवसांत पेटी पिकते.

कच्चा आंबा फ्रिजमध्ये ठेवू नये, ही विनंती आम्ही दरवर्षी करतो आणि दरवर्षी ती कोणीतरी मोडतोच. आंबा उष्ण प्रदेशातील फळ आहे. साधारण 12 ते 13 अंश सेल्सिअसच्या खाली तो कच्चा राहिला, तर त्याच्या सालीवर करडे डाग पडतात आणि नंतर बाहेर काढला तरी तो नीट पिकत नाही, नुसताच मऊ पडतो. पूर्ण पिकलेला आंबा मात्र तीन-चार दिवस फ्रिजमध्ये राहू शकतो. थंडीने सुगंध दबतो, म्हणून खाण्यापूर्वी तासभर आधी तो बाहेर काढून ठेवावा.

पिकलेला हापूस रंगावरून ओळखू नये. रंग पिवळा दिसतो आणि आत फळ आंबट निघते, असा अनुभव अनेकांना असेल. देठाजवळ नाक नेल्यावर गोड वास यावा, बोटाने हलके दाबल्यावर फळ किंचित लवचिक लागावे आणि देठाभोवतीची साल थोडी सुरकुतलेली असावी. ही सुरकुती पाहून काही ग्राहक आंबा शिळा समजून परत आणतात. वस्तुतः तो खाण्याचा दिवस असतो. कॅल्शियम कार्बाइडने आंबा पिकवण्यास आपल्या देशात कायद्याने बंदी आहे आणि आम्ही ते वापरत नाही. इथिलीन वायूने नियंत्रित खोलीत पिकवणे कायदेशीर आहे, तरीही आमची फळे आम्ही अढीतच पिकू देतो, कारण आम्हाला चवीत फरक जाणवतो.

खाण्यापूर्वी आंबे अर्धा तास गार पाण्यात ठेवून स्वच्छ धुवावेत. देठाजवळ निघणारा चीक त्वचेला आणि ओठांना झोंबतो. आंबा, काजू आणि बिब्बा ही एकाच कुळातील झाडे आहेत, हे सांगितले की कोकणातील माणसाला अधिक समजावून सांगावे लागत नाही. साल चावल्यावर ज्यांच्या तोंडाभोवती खाज किंवा पुरळ येते, त्यांनी साल पूर्ण काढून फोडी खाव्यात.

हापूस चिरताना कोय चपटी असते, हे लक्षात ठेवले की काम सोपे होते. फळाची अरुंद कड आपल्याकडे करून ते उभे धरावे आणि देठाच्या मध्यापासून बोटभर अंतरावर वरून खालपर्यंत सुरी न्यावी. दुसऱ्या बाजूनेही तसेच करावे. असे दोन गाल वेगळे होतात आणि मध्ये कोय उरते. प्रत्येक गालाच्या उभ्या दोन किंवा तीन फोडी कराव्यात, त्या सालीसकट ताटलीत द्याव्यात आणि साल दाताने खरवडून खावी. फळ पूर्ण सोलून चौकोनी तुकडे काट्याने खाण्याची पद्धत पाहुण्यांसमोर सोयीची असेल, पण सालीलगतचा गर तिच्यात वाया जातो, असे आमचे मत आहे. लोखंडी विळी शक्यतो टाळावी. तिच्यावर फोडी काळवंडतात.

पायरीला सुरी लावू नये. तिचा गर सैल आणि रसाळ असल्याने ती आमरसासाठी उत्तम. रस हाताने पिळावा. मिक्सरमध्ये हवा मिसळून रंग फिका पडतो आणि रस फेसाळतो. चिमूटभर मीठ आणि वरून तूप घातल्यास साखर बहुधा लागत नाही; पुरी नसेल तर घावणे घ्यावेत. रायवळ तर चोखण्यासाठीच आहे. तो दोन्ही तळव्यांत हलके घोळवावा, देठ काढून चिकाचे पहिले थेंब पिळून टाकावेत आणि मग तोंडाला लावावा.

कापल्यावर कधी कोयीलगत पांढरट, भुसभुशीत आणि आंबूस भाग दिसतो. त्याला साका म्हणतात. हा हापूसचा जुना दोष असून तो बाहेरून ओळखता येत नाही, आणि त्यात कीड किंवा कोणतेही रसायन नसते. उतरवलेल्या फळाला तापलेल्या जमिनीची झळ लागणे हे त्याचे एक कारण मानले जाते, म्हणून आमची तोडणी सकाळी लवकर होते आणि फळे लगेच सावलीत नेली जातात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने 1981 मध्ये नीलम आणि हापूस यांच्या संकरातून काढलेली ‘रत्ना’ ही जात साकामुक्त आहे. तिची फळेही आम्ही थोड्या प्रमाणात ठेवतो. साका निघालेल्या फळाचे छायाचित्र दोन दिवसांत पाठवावे, पुढच्या खरेदीत तेवढी फळे आम्ही देतो.

‘हापूस’ या नावाला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असून ते पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या पाच जिल्ह्यांतील फळांपुरते आहे. आपल्या पेटीवर बागेचे गाव लिहिलेले असते, ते अवश्य वाचावे. पेटीवरील चार, पाच किंवा सहा डझन हा आकडा फळाचा आकारही सांगतो. डझन जितके कमी, तितके फळ मोठे. चवीचा मात्र त्याच्याशी संबंध नाही.

कोयीबद्दल एक शब्द. हापूसची कोय रुजवल्यास झाड येते, परंतु त्याला हापूसच येईल असे नाही; हापूसची लागवड कलमानेच होते. त्या कलमांचा खुंट, म्हणजे ज्यावर कलम बांधतात ते रोप, तयार करण्यासाठी रायवळच्या कोया लागतात, आणि कोय वाळली की तिची रुजण्याची ताकद लवकर जाते. जवळपास राहणाऱ्या ग्राहकांनी रायवळ खाल्ल्यावर कोया धुऊन, ओलसर कापडात गुंडाळून आठवड्याच्या आत दुकानात आणून द्याव्यात. आम्ही त्या रोपवाटिकेसाठी घेतो.